खाणीच्या पाण्यात उतरताना : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात समुद्रापासून लांब असलेल्या डायव्हिंगच्या जागांवर लिहिलं होतं, म्हणजे पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणी, तलाव वगैरे, आणि त्यात एक वाक्य होतं की मला समुद्रापेक्षा अशा शांत पाण्यात शिकणाऱ्यांची जास्त काळजी वाटते. त्या एका वाक्यावरच ढीगभर प्रश्न आलेत. सगळे घेता येणार नाहीत, ज्यात जिवाशी गाठ आहे ते आधी घेतलेत.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र एका फेमस दगडखाणीत स्कूबा शिकायला जाणार आहोत. पोहता सगळ्यांना येतं. तिथे लाटा नाहीत, करंट नाही, वीकेंडला तर जत्रा असते नुसती. मग तुम्हाला काळजी कसली वाटते? आणि दोन दिवसांत कोर्स होतो म्हणतात ते खरं का?

उत्तर : शिकायला अशी जागा चांगलीच असते, हे आधी सांगते. बोट लागत नाही, वारा सुटला म्हणून दिवस फुकट जात नाही, सहा-सात मीटरवर प्लॅटफॉर्म बांधलेला असतो, त्यावर गुडघे टेकून निवांत सराव करता येतो. अहो आजच्या स्कूबा यंत्राची एक पहिली चाचणीसुद्धा गोड्या पाण्यातच झाली, १९४३ च्या जानेवारीत फ्रान्सच्या नौदलातले अधिकारी जाक कूस्तोंनी आपलं यंत्र पॅरिसजवळच्या मार्न नदीत नेलं, आडवं पोहताना ते छान चाललं आणि उभं राहिल्यावर हवा भसाभसा वाया जायला लागली, मग एमिल गान्यां या इंजिनिअरबरोबर बसून त्यांनी हवा आत यायची आणि बाहेर जायची जागा एका पातळीवर आणली, तेव्हा कुठे ते जमलं.

काळजी वाटते ती खाणीच्या आकाराची. समुद्रात किनाऱ्यावरून आत जाताना तळ बऱ्याच ठिकाणी हळूहळू खोल होत जातो. खाण पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेली असते, एक सपाट टप्पा, मग एकदम सरळ भिंत, मग पुढचा टप्पा. पाणी गढूळ असलं की वर-खाली काही कळत नाही, तुम्ही भिंतीच्या कडेकडेने जाताय असं वाटत असतं आणि खोलीचं गेज बघता तर २७ मीटर. नवशिक्याची मर्यादा १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केलेल्याची ३०, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटर. तीस मीटरच्या आसपास श्वासातल्या नायट्रोजनची नशा चढायला लागते, माणूस खुशीत येतो किंवा उगाच घाबरतो, साधा हिशोब जमत नाही, आणि थंड अंधाऱ्या पाण्यात हे जास्त जाणवतं.

आता दोन दिवसांचं. पॅडी (डायव्हिंग शिकवून सर्टिफिकेट देणारी संस्था) हिचा नवशिक्यांसाठीचा ओपन वॉटर कोर्स घेतला तर त्यात थिअरी असते, पूलमध्ये किंवा पूलसारख्या पाण्यात पाच सेशन असतात आणि मग बाहेरच्या पाण्यात चार डायव्ह, ज्या कमीत कमी दोन दिवसांत पसरलेल्या असाव्या लागतात. ‘दोन दिवस’ म्हणणारे बहुतेक वेळा हे शेवटचे दोन दिवस सांगत असतात, त्याच्या आधीचं पूलमधलं काम कधी आणि किती करून घेणार हे विचारा. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगणं हेही त्यातच येतं. आणि एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी ते विचाराच, नियमाने जास्तीत जास्त आठ चालतात पण तो आकडा चांगल्या पाण्यासाठी, समोरचा हात दिसत नाही अशा पाण्यात आठ जणांवर एक माणूस लक्ष ठेवूच शकत नाही, मी स्वतः अशा वेळी दोनच घेते.

एक प्रसंग सांगते. माझी एक विद्यार्थिनी, पूलमध्ये मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने बाहेर काढणं अगदी सफाईने करायची. खाणीत प्लॅटफॉर्मवर तेच करायला सांगितलं, मास्कची कड उचलली आणि नऊ डिग्रीचं पाणी नाकाला लागल्याबरोबर तिने नाकाने श्वास ओढला. झालं. डोळे मोठे झाले, दोन्ही पायांनी प्लॅटफॉर्मला लाथ मारून ती सुटली वर, श्वास रोखलेला. मी तिचं जॅकेट (हवा भरून तरंगायचं) धरलं होतं म्हणून ती एक हातभर वर जाऊन थांबली, मग मी तिच्या रेग्युलेटरवर (टँकमधली हवा देणारा, तोंडात धरायचा भाग) हात ठेवून माझ्या तोंडातून बुडबुडे सोडत राहिले, म्हणजे तिला दिसावं की सोड, हवा सोड, आणि तिचे बुडबुडे दिसल्यावरच तिला हळूहळू वर आणलं. वर आल्यावर बघितलं तर माझ्या मनगटावर तिच्या चार बोटांचे वळ. श्वास रोखून वर जाणं हे स्कूबातलं सगळ्यात मोठं पाप आहे कारण दहा मीटरवर घेतलेली छातीभर हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, फुप्फुस फाटतं, आणि त्याला फार खोली लागत नाही, पूलच्या खोलीतसुद्धा होतं.

तिला त्या दिवशी मी पास केलं नाही. कमरेइतक्या पाण्यात नेलं, मास्क काढून नुसतं रेग्युलेटरवर श्वास घ्यायला लावला, पुन्हा पुन्हा, नाकाला थंड पाण्याची सवय होईपर्यंत. तिसऱ्या वीकेंडला तिने ते प्लॅटफॉर्मवर करून दाखवलं. म्हणून कोर्सचे पैसे भरण्याआधी इन्स्ट्रक्टरला एवढंच विचारा की दोन दिवसांत एखाद्याला नाही जमलं तर तुम्ही काय करता. ते काय सांगतात त्यावरून जागा आणि माणूस दोन्ही कळतात.

प्रश्न : माझे समुद्रात ३० डायव्ह झालेत. पहिल्यांदाच तलावात गेलो, नेहमीएवढंच शिशाचं वजन लावलं आणि दगडासारखा खाली गेलो. असं का झालं?

उत्तर : समुद्राचं पाणी खारं म्हणून जवळपास अडीच टक्के जड असतं आणि तेवढं ते तुम्हाला जास्त उचलतं. तुम्ही आणि तुमचं सगळं सामान मिळून १०० किलो धरलं तर गोड्या पाण्यात साधारण अडीच किलो शिसं कमी लागायला पाहिजे. पण तलावात बऱ्याचदा जाड सूट घालतात, तो तरंगवतो, त्यासाठी पुन्हा वजन वाढवावं लागतं, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका आणि स्वतःचा जुनाही नाही. उथळ पाण्यात उभे तरंगा, जॅकेट रिकामं करा, साधा श्वास घेऊन धरा, पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूच खाली जायला पाहिजे. ही टेस्ट भरलेल्या टँकने केली तर दोनेक किलो वाढवून धरा, कारण १२ लिटरच्या टँकमध्ये २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) २४०० लिटर हवा असते आणि त्या हवेलाच जवळजवळ तीन किलो वजन असतं, डायव्हच्या शेवटी ती संपत आलेली असते आणि नेमकं तेव्हाच, अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. वजन कमी पडलं तर तिथे थांबता येत नाही. जास्त झालं तर सारखं जॅकेट फुगवत राहावं लागतं, हवा जाते, पाय खाली लोंबतात आणि तळाचा गाळ उडतो, म्हणजे मागून येणाऱ्याचीही वाट.

प्रश्न : नाव छापू नका. गेल्या महिन्यात खाणीत बुडवलेलं एक जुनं विमान बघायला २० मीटरवर गेलो होतो. माझी हवा भराभर संपत होती पण बाकीच्यांची भरपूर होती, त्यांची डायव्ह माझ्यामुळे खराब होईल म्हणून बोललो नाही. वर आलो तेव्हा हवेच्या गेजवर फक्त १५ बार उरले होते. कोणाला सांगितलेलं नाही. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : तुमच्यात काही कमी नाही, आणि तुम्ही हे लिहून पाठवलंत याचं मला खरंच बरं वाटलं, कारण हे असं गप्प बसणं मी फार लोकांमध्ये पाहिलंय आणि त्यातले सगळे तुमच्याएवढे नशीबवान नव्हते.

आधी आकडे बघू. पाण्याच्या वर निवांत पोहताना डायव्हर मिनिटाला साधारण १५ ते २० लिटर हवा घेतो. २० म्हणू. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. टँकमधल्या २४०० लिटरपैकी ५० बार, म्हणजे ६०० लिटर, हात न लावायची राखीव हवा. उरले १८००, म्हणजे ३० मिनिटं, त्यातच खाली जाणं आणि वर येणं आलं. थंडी वाजत असेल, जोरात पाय मारत असाल, मनात धाकधूक असेल तर हाच श्वास दुप्पट होतो आणि ३० मिनिटांची १५ होतात. नवीन माणसाची हवा लवकर संपते हे अगदी नॉर्मल आहे, २० डायव्ह झाल्यावर आपोआप कमी लागायला लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही हो.

डॅन ही डायव्हरच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था आहे, त्यांच्या संशोधकांनी हौशी डायव्हिंगमधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास करून २००८ मध्ये छापला. ज्या प्रकरणांत गडबड नेमकी कशानं सुरू झाली ते ठरवता आलं, त्यातल्या ४१ टक्क्यांमध्ये सुरुवात हवा कमी पडण्याने झाली होती. मशीन बिघडून सुरू झालेली १५ टक्के. हवा कमी पडते म्हणजे कुठूनतरी गळते असं नाही, बहुतेकदा माणसाने गेज बघितलेलं नसतं किंवा तुमच्यासारखं बघून गप्प बसलेला असतो.

तर इथून पुढे असं करा. पाण्यात उतरायच्या आधी, कोरडे असतानाच, ग्रुपमध्ये मोठ्याने सांगा की माझी हवा लवकर संपते, माझे १०० बार उरले की आपण सगळे वळायचं. ज्याची हवा सगळ्यात कमी, त्याच्या हवेवर ग्रुप चालतो, हे डायव्हिंगमधलं जुनं आणि सगळीकडे मानलेलं तत्त्व आहे, तुम्ही कोणावर उपकार मागत नाही आहात. खाली दर पाच मिनिटांनी गेज बघा आणि बडीला (म्हणजे जोडीदार डायव्हरला) बोटांनी आकडा दाखवा, त्यालाही त्याचा विचारा. आणि ज्या ग्रुपमध्ये हे सांगितल्यावर तोंडं वाकडी होतात त्या ग्रुपबरोबर पाण्यात जाऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगते. पुढची डायव्ह दहा-बारा मीटरवरच करा, विमान कुठे जात नाही. आणि त्या दिवशीच्या बडीला फोन करून हे सांगून टाका, त्यालाही कळू दे की तो तुमच्या गेजकडे बघत नव्हता.

प्रश्न : उन्हाळ्यात पाणी वर छान कोमट होतं, १२ मीटरवर अचानक बर्फासारखं झालं आणि माझ्या मैत्रिणीच्या रेग्युलेटरमधून हवा थांबेचना. सर्व्हिसिंग नुकतंच झालेलं होतं. मग असं कसं?

उत्तर : ज्या रेषेवर पाणी बदललं तिला थर्मोक्लाइन म्हणतात. थंड प्रदेशातल्या खोल तलावांत उन्हाळ्यातही वरचं पाणी २० डिग्री आणि खाली पाच-सहा असं सर्रास असतं, कारण गोडं पाणी चार डिग्रीला सगळ्यात जड होतं आणि ते तळाशी जाऊन बसतं, वारा कमी, लाटा नाहीत, मिसळणार कसं? म्हणून सूट निवडताना वरच्या पाण्यात हात घालून ठरवू नका, खालचं तापमान विचारा, चांगल्या जागांवर ते फळ्यावर लिहिलेलं असतं.

रेग्युलेटरचं असं आहे की टँकमधली २०० बारची हवा पहिल्या स्टेजला (रेग्युलेटरचा टँकवर बसवलेला भाग) एकदम दहा-एक बारवर येते, हवा अशी फुगताना प्रचंड गार होते, त्यात आजूबाजूचं पाणीच १० डिग्रीच्या खाली असलं की आतल्या भागांवर बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा वाहत सुटते. सर्व्हिसिंग चोख असलं तरी होतं, त्यातून रेग्युलेटर थंड पाण्यासाठीचा नसेल तर नक्कीच. एकदम जास्त हवा ओढली की शक्यता वाढते, म्हणून श्वास घेता घेता जॅकेट फुगवू नका, एक झालं की दुसरं, आणि जॅकेटला हवा थोडी थोडी, टिचक्या मारल्यासारखी द्या. वर थंड हवेत उभं राहून उगाच बटण दाबून टेस्ट करत बसू नका.

सुटलाच तर बडीच्या ऑक्टोपसवर जा, म्हणजे त्याचा जादाचा रेग्युलेटर तोंडात घ्या, बडी तुमची टँक बंद करेल, दोघं एकमेकांना धरून नीट वेगाने वर. बडी लांब असेल तर वाहत्या रेग्युलेटरमधूनही श्वास घेता येतो, दातांनी घट्ट न पकडता ओठांशी धरायचा, लागेल तेवढी हवा घ्यायची, बाकीची बाजूने जाऊ द्यायची. हे ओपन वॉटर कोर्समध्ये शिकवतात, पण एकदाच. तो आवाज आणि तोंडासमोरचे बुडबुडे इतके भयंकर असतात की एकदा केलेलं त्या क्षणी आठवत नाही, वर्षातून एकदा तरी उथळ पाण्यात मुद्दाम करा. भरलेली टँक दोन-तीन मिनिटांत रिकामी होऊ शकते, खोलवर त्याहून लवकर, तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

प्रश्न : आमचा तलाव डोंगरात, १५०० मीटर उंचीवर आहे. डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून किती वेळ खाली राहता येईल ते सांगणारं यंत्र) आहे, मग वेगळं काही करायचं का?

उत्तर : हो, आणि हे विचारणारे तुम्ही एकटेच निघालात याचं मला आश्चर्य वाटलं. ३०० मीटरच्या वर गेलं की ती उंचीवरची डायव्ह धरायची. १५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८५ टक्केच असतो, म्हणजे वर आल्यावर अंगातला नायट्रोजन जास्त जोरात बाहेर पडायला बघतो. किती खोलीवर किती वेळ राहायचं ते सांगणाऱ्या टेबलाने बघायचं तर तिथली २० मीटरची डायव्ह जवळपास २४ मीटरची म्हणून धरावी लागते. ही टेबलं आली कुठून तर १९०८ मध्ये हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून पहिली छापली, आणि मूळ हिशोब समुद्रसपाटीचा होता.

काही कॉम्प्युटर उंची आपोआप ओळखतात, काहींना हाताने सेटिंग द्यावं लागतं, मॅन्युअल काढून बघा. पायथ्यापासून गाडीने आलात की लगेच उतरू नका, थोडे तास थांबा. आणि परतीचा रस्ता! डायव्ह करून अजून उंच घाटातून गाडी जाणार असेल तर ते विमानात बसण्यासारखंच आहे. विमानासाठी डॅनचा सल्ला असा की एकच साधी डायव्ह असेल तर किमान १२ तास, बऱ्याच डायव्ह किंवा बरेच दिवस असतील तर १८ तास, आणि डीकॉम्प्रेशनची डायव्ह (वर येताना मध्ये थांबणं सक्तीचं असतं अशी) असेल तर त्याहून बरंच जास्त. एका दिवसात परत यायचं म्हणून संध्याकाळी घाट चढतात, रात्री खांदा किंवा कोपर दुखायला लागतं आणि सामान उचलून दुखत असेल म्हणून झोपून जातात. तसं दुखलं, मुंग्या आल्या, चक्कर आली, तर ते डीकॉम्प्रेशन सिकनेस (अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) आहे असंच धरून ऑक्सिजन सुरू करा आणि डॉक्टर गाठा, बरं वाटलं म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : वय ५४, बीपीची गोळी चालू आहे. मुलगा म्हणतो बाबा चला. जाऊ का?

उत्तर : काका, डॉक्टरांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाही, आणि डायव्हिंगची माहिती असलेला डॉक्टर मिळाला तर उत्तम. मेडिकल फॉर्मवर ‘नाही, नाही, नाही’ असं सरळ खाली टिक मारत जाऊ नका, तो फॉर्म दुकानदारासाठी नसतो हो, तुमच्यासाठी असतो. वर सांगितलेल्या अभ्यासात जवळजवळ चारातला एक मृत्यू हृदयाच्या त्रासाचा होता. शिवाय थंड पाण्यात हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि काही लोकांच्या फुप्फुसात पाणी साठतं, बीपी असलेल्यांना हा धोका जास्त. खाली असताना काही कष्ट न करता धाप लागली, खोकला आला, छातीत घरघर वाटली तर डायव्ह तिथेच संपली, वर या, पाण्याबाहेर या, आडवं न होता बसून राहा आणि ऑक्सिजन घ्या. दमा, फीट येणं, कधी काळी फुप्फुस फाटलेलं असणं, हेही लपवू नका. परवानगी मिळाली तर जरूर जा, रोज चालायला लागा आणि पहिल्या डायव्ह कोमट पाण्यात करा.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे, शिकू शकते का?

उत्तर : पॅडीचं ज्युनिअर ओपन वॉटर १० वर्षांपासून करता येतं, १०-११ वयाला मर्यादा १२ मीटर आणि सोबत आई-वडील (स्वतः सर्टिफाइड असलेले) किंवा प्रोफेशनल असायलाच पाहिजे. पण तिला करायचंय का तुम्हाला, ते आधी बघा. लहान अंग लवकर गारठतं, ओठ निळे व्हायची वाट बघू नका, ती बोलायची थांबली की बाहेर काढा. आणि सूट तिच्याच मापाचा हवा, मोठ्यांचा दुमडून नको.

प्रश्न : जागा सुरक्षित आहे की नाही हे आमच्यासारख्या नवीन लोकांना कसं कळणार?

उत्तर : पोहोचलात की सामान उतरवायच्या आधी अर्धा तास नुसतं बघा. पाण्यात जाणाऱ्याचं नाव आणि वेळ कुणी लिहून घेतंय का, आणि बाहेर आल्यावर खूण करतंय का? सर्टिफिकेट मागतात का? ऑक्सिजन किट कुठे आहे ते विचारा, आणि ‘ऑफिसात आहे’ म्हणाले तर म्हणा दाखवा, सिलिंडरवरचं गेज बघा, मी एका जागी असं मागितलं तेव्हा कपाट कुलूपबंद होतं आणि किल्ली असलेला माणूस जेवायला गेला होता. किनाऱ्यावर बघणारा माणूस, दोरी फेकायची सोय, अ‍ॅम्ब्युलन्स थेट पाण्यापर्यंत येईल असा मोकळा रस्ता (वीकेंडला तिथेच गाड्या लावलेल्या असतात!), खोलीचा नकाशा, आणि खाली बुडवलेल्या बसमध्ये, विमानात आत शिरायच्या वाटा मोठ्या केल्यात का. तरीही आत शिरू नका, डोक्यावर छत असलं की सरळ वर येता येत नाही, त्याचं वेगळं ट्रेनिंग असतं. जुन्या खाणीत वायरी, झाडांच्या फांद्या, गळाच्या दोऱ्या असतात, छोटा कटर हाताला लागेल असा ठेवा.

आणि इन्स्ट्रक्टर बघा. उतरायच्या आधी बडी चेक ते स्वतः करतात का, जॅकेट फुगतं-रिकामं होतं का, वजन एका हाताने सुटतं का, बकलं, हवा चालू आहे का, शेवटी मास्क-फिन्स. गेजकडे बघत रेग्युलेटरमधून चार श्वास घ्यायचे, काटा हलला तर टँक पूर्ण उघडलेली नाही. जिथे इन्स्ट्रक्टर स्वतःचा चेक सोडून देतो तिथे विद्यार्थी पुढच्या वर्षी तेच करतो.

प्रश्न : गढूळ पाण्यात बडी दिसेनासा झाला. मी दहा मिनिटं शोधत राहिले, शेवटी तो वर आरामात तरंगत होता. माझं काय चुकलं?

उत्तर : शोधत राहिलात ते प्रेमापोटी, पण नियम एक मिनिटाचा आहे. जागेवर थांबा, गोल फिरून बघा, वर बुडबुडे दिसतात का बघा, टॉर्च असेल तर फिरवा, मिनिट झालं की नेहमीच्याच वेगाने वर या, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नाही. जवळ दोरी असेल तर दोरीने. दोघांनी हेच केलं तर दोघं वर भेटतात, म्हणून हे उतरायच्या आधी एकमेकांना बोलून दाखवायचं. तुम्ही खाली दहा मिनिटं होतात तेव्हा तो वर एकटा तुमची काळजी करत होता, आणि तो बेशुद्ध पडला असता तर किनाऱ्यावर कुणालाच दहा मिनिटं कळलं नसतं.

गाळ उडू नये म्हणून बेडकासारखे पाय मारायला शिका, तळापासून हातभर वर राहा, आणि दोन मीटरसुद्धा दिसत नसेल तर हाताला हात लावून चला, त्यात लहान मुलांसारखं वाटायचं काही कारण नाही. वर येऊन बडी दिसला नाही तर आधी जॅकेट फुगवा, वजन सोडायची वेळ आली तर सोडा, मग हात हलवून ओरडा. किनाऱ्यावरच्या माणसाला तीन गोष्टी सांगा, शेवटचा कुठे दिसला, किती खोलीवर, किती वाजता. तिथे उभ्या असलेल्या एका माणसाचं काम एवढंच की त्या जागेवरून नजर हटवायची नाही, बोट त्या दिशेला धरून उभं राहायचं, कारण पाण्यावर खूण राहत नाही आणि पाच मिनिटांत सगळे वेगवेगळ्या दिशा दाखवायला लागतात. दुसऱ्याने फोन करायचा, तिसऱ्याने ऑक्सिजन आणायचा. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर बुडालेल्या माणसाला आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छाती दाबायची, नुसती छाती दाबून पुरत नाही. हे हाताने करून बघितल्याशिवाय येत नाही, म्हणून अ‍ॅडव्हान्स्डनंतर खोलीचे कोर्स करायच्या आधी रेस्क्यूचा करा, तुम्ही आणि तुमचा तो बडी, दोघंही एकाच बॅचला.